चालता चालता बाईक बंद पडली तर? गाडी कशी थांबली यावरून बिघाड कसा ओळखायचा

जुलै महिना, संध्याकाळचे सात. कसारा घाटात धुकं उतरलेलं. मागे ट्रकांची रांग आणि पुढे वळण. बाईक दोन आचके देते आणि बंद पडते. सेल्फ दाबला तर इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. पुन्हा दाबला. पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी सेल्फचा आवाजही जड व्हायला लागतो.

अशा वेळी बहुतेक चालकांच्या हातून दोन चुका होतात. पहिली, गाडी जिथे थांबली तिथेच उभं राहून ती सुरू करत बसणं. दुसरी, बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत राहणं. पहिली चूक जिवावर बेतू शकते. दुसरीमुळे किरकोळ बिघाड असलेल्या गाडीत बॅटरीचा आणखी एक बिघाड तयार होतो.

खरं तर बंद पडण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात गाडीनं बरंच काही सांगितलेलं असतं. ती एकदम थांबली, की गचके खात थांबली? आधी ताकद गेली, की आधी आवाज बदलला? मेकॅनिकही गाडी उघडण्याआधी हेच विचारतो. या प्रश्नाचं उत्तर देता आलं तर बरेचसे बिघाड पाना न लावताही ओळखता येतात, आणि काही जागीच सुटतात.

सर्वांत आधी काय करायचं?

गाडी बंद पडतेय हे जाणवताच क्लच दाबायचा, इंडिकेटर द्यायचा आणि उरलेल्या वेगाचा वापर करून डाव्या कडेला यायचं. गाडी पूर्ण थांबल्यावर ती कडेला ढकलण्यापेक्षा चालती असतानाच कडेला घेणं सोपं असतं.

वळणावर किंवा वळणाच्या लगेच पुढे थांबायचं नाही. मागून येणाऱ्याला तिथे गाडी दिसतच नाही. थोडं पुढे किंवा मागे, सरळ रस्त्यावर, शक्य असेल तर डांबराच्या बाहेर गाडी न्यायची.

ही काळजी नुसती सांगण्यापुरती नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. अपघातांच्या प्रकारांत मागून धडक बसण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. रस्त्याकडेला वाकून प्लग बघणारा माणूस आणि मागून येणारा ट्रक यांच्यात काहीच आडोसा नसतो.

म्हणून हेल्मेट डोक्यावरच ठेवायचं. हॅझार्ड लाइट असेल तर लावायचा, नसेल तर निदान पार्किंग लाइट किंवा इंडिकेटर चालू ठेवायचा. गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. रस्त्याला कठडा असेल आणि पलीकडे सुरक्षित जागा असेल तर त्याच्या पलीकडे थांबायचं. दोघं असतील तर एकानं येणाऱ्या वाहनांकडे लक्ष ठेवायचं.

आपल्याकडे बंद गाडीमागे दगड किंवा झाडाची फांदी ठेवण्याची पद्धत आहे. फांदी ठीक आहे, पण निघताना ती उचलायलाच हवी. रस्त्यात विसरलेला दगड रात्री मागून येणाऱ्या दुसऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक ठिकाणी सोडता येत नाही.

गाडी 'कशी' थांबली?

सुरक्षित जागी आल्यावर लगेच सेल्फ दाबायचा नाही. आधी एक मिनिट आठवायचं.

दिव्याचं बटण बंद करावं तशी गाडी एकदम थांबली असेल, तर संशय विजेवर. किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, फ्यूज, प्लगची निघालेली कॅप किंवा बॅटरीचा सैल झालेला टर्मिनल यांपैकी काहीतरी.

गचके खात, 'मिसिंग' मारत, ॲक्सिलरेटर पिळला की आणखी दबत थांबली असेल, तर संशय पेट्रोलवर. टाकीत पेट्रोल नाही, किंवा आहे पण इंजिनापर्यंत पोहोचत नाही.

ताकद हळूहळू कमी होत गेली, इंजिनाचा आवाज कोरडा झाला, पायाला नेहमीपेक्षा जास्त गरम लागायला लागलं आणि मग गाडी थांबली असेल, तर संशय उष्णतेवर आणि ऑइलवर.

हॉर्न दबका, हेडलाइट मंद, इंडिकेटर संथ आणि मग इंजिन बंद, हा क्रम असेल तर बॅटरी चार्ज होत नाही असं समजायचं.

इंजिन चालू आहे, पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर बिघाड इंजिनाच्या पुढे आहे. चेन उतरली, तुटली किंवा क्लच गेला.

'खट्ट' असा मोठा आवाज होऊन मागचं चाक अडलं असेल, तर पुढचं काहीही वाचायची गरज नाही. ती गाडी रस्त्यावर सुरू करून बघायची नाही.

आधी 'बिघाड नसलेले' बिघाड

पुढे जाण्याआधी दोन मिनिटांत चार गोष्टी बघून घ्यायच्या. बंद पडलेल्या काही गाड्यांमध्ये बिघाड असा नसतोच.

किल स्विच. उजव्या मुठीजवळचा हा लाल स्विच ग्लोव्ह्ज घालताना, रेनकोट सारखा करताना नकळत दाबला जातो. बऱ्याच मॉडेलमध्ये किल स्विच बंद असला तरी मीटर, हॉर्न, इंडिकेटर चालतात, त्यामुळे लक्षात येत नाही.

साइड स्टँड. नव्या अनेक गाड्यांमध्ये स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं. स्टँड वर असूनही तिथल्या स्विचमध्ये चिखल अडकला तर गाडीला तो खालीच आहे असं वाटतं. पाणी ओतून किंवा काडीनं चिखल काढला की काम होतं.

गिअर आणि क्लच. काही गाड्या न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय किंवा क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत.

गाडी पडली होती का? इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांमध्ये गाडी आडवी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो, म्हणजे पडलेल्या गाडीला आग लागू नये. गाडी उभी करून चावी बंद करायची, थोडं थांबायचं आणि पुन्हा चालू करायची. मात्र त्याआधी पेट्रोलचा वास येतोय का, कुठे गळतंय का, हे बघायचं. वास येत असेल तर चावी लावायचीच नाही.

सेल्फ दाबल्यावर काय ऐकू येतं?

आता एकदाच सेल्फ दाबायचा आणि कान द्यायचा.

चावी फिरवूनही मीटरवर एकही दिवा लागत नसेल, तर बॅटरीचा टर्मिनल सैल झालाय किंवा मुख्य फ्यूज उडालाय. खराब रस्त्यावर टर्मिनलचा स्क्रू ढिला होणं ही नेहमीची गोष्ट आहे.

दिवे लागतात, पण सेल्फ दाबल्यावर नुसतं 'कट-कट-कट' होतं आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरलीय.

दिवे नीट आहेत आणि सेल्फ अगदी गप्प आहे, तर वरचे चार स्विच पुन्हा बघायचे.

सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी ठीक आहे. आता पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी एक गोष्ट कमी पडतेय.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचा नाही आणि दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंद सोडायचे. सेल्फची मोटर बॅटरीतून खूप मोठा प्रवाह ओढते. तीन-चार प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही, तर ती दहाव्या प्रयत्नात होईल ही आशा सोडून कारण शोधायचं.

पेट्रोल आहे, पण पोहोचतंय का?

पेट्रोल इंजिनाला सुरू राहायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि योग्य क्षणी ठिणगी. यांतलं पेट्रोल तपासणं सर्वांत सोपं.

फ्युएल मीटरच्या काट्यावर विसंबायचं नाही. टाकी उघडून मोबाइलच्या उजेडात बघायचं किंवा गाडी हलवून आवाज ऐकायचा. माचिस किंवा लायटर अर्थातच नाही.

जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो 'रिझर्व्ह'ला नेल्यावर काही सेकंदांत इंजिनाला पेट्रोल मिळतं. आधीच रिझर्व्हवर चालली असेल तर आणखी एक युक्ती आहे. टाकी खोगिरासारखी दोन्ही बाजूंना उतरलेली असते आणि कॉक बहुधा डावीकडे. गाडी डावीकडे बरीच झुकवली की उजव्या बाजूला अडकलेलं पेट्रोल कॉकच्या बाजूला येतं. पंप जवळ असेल तर तेवढ्यावर तिथपर्यंत जाता येतं.

टाकी भरलेली असूनही गाडी दर काही किलोमीटरला बंद पडते आणि थोडं थांबलं की सुरू होते? टाकीचं झाकण उघडून बघायचं. उघडताना हवा आत ओढल्याचा 'स्स' असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं असण्याची शक्यता आहे. पेट्रोल खाली जाताना त्याची जागा घ्यायला हवा लागते. ती मिळाली नाही की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी धुताना आत गेलेली माती यासाठी पुरेशी असते. छिद्र साफ करायचं आणि तोवर अधूनमधून थांबून झाकण उघडायचं.

नुकतंच पेट्रोल भरलं आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये मिसिंग सुरू झालं, तर पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं. पाणी जड असल्यानं ते टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथूनच इंजिनाकडे जातं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, पण पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन खाली बसतं. अशी टाकी रिकामी करूनच साफ करावी लागते. म्हणून पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं नाही ना, हे बघायला हवं.

ठिणगीचा प्रश्न असेल तर?

गॅरेजमध्ये 'करंट येत नाही' असं म्हणतात, ते हेच. सर्वांत आधी प्लगची कॅप बघायची. ती खड्ड्यातल्या दणक्यानं सैल होते. जोर देऊन बसवली की अनेकदा तेवढ्यावर गाडी सुरू होते. पावसात कॅपमध्ये पाणी गेलं असेल तर चावी बंद करून कॅप काढायची, कोरड्या फडक्यानं कॅप आणि प्लगचा पांढरा भाग पुसायचा.

त्यानंतर प्लग. इंजिन तापलेलं असताना प्लग काढायचा नाही. सिलिंडरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना जोर लावला तर त्यातले आटे जाऊ शकतात. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हेडचा खर्च अंगावर येतो.

काढलेल्या प्लगचा रंग बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं आणि काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो. पांढरट असेल तर इंजिन जास्त तापतंय. पेट्रोलनं ओलं असेल तर पेट्रोल पोहोचतंय, पण ते पेटत नाही. ओला प्लग पुसून, वाळवून पुन्हा बसवायचा. आधी हातानं आटे धरवायचे, मग पान्यानं घट्ट करायचा.

प्लग इंजिनाला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत अजून सगळीकडे दिसते. तिच्यात दोन धोके आहेत. हजारो व्होल्टचा झटका आणि जवळच असलेली पेट्रोलची वाफ. इंजेक्शनच्या गाडीत यामुळे इलेक्ट्रॉनिक भागांनाही इजा होऊ शकते. रस्त्यावर ही चाचणी टाळलेली बरी. जवळ नवा प्लग असेल तर तो लावून बघणं हीच सोपी चाचणी.

फ्यूज उडाला असेल तर बॉक्समध्ये बहुधा एक जादा फ्यूज ठेवलेला असतो. तितक्याच अँपिअरचा फ्यूज लावायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा लावून काम भागवणारे भेटतात. पण वायरिंग जळण्याआधी फ्यूजनं जळावं, यासाठीच तो असतो. त्याच्या जागी चांदी लावली की पुढच्या वेळी जळते ती वायर, आणि ती टाकीखालूनच जाते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे थांबायचं.

नव्या गाडीला जुने उपाय का चालत नाहीत?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानक लागू झालं. त्यानंतर बाजारात आलेल्या बहुतेक पेट्रोल दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. त्यामुळे चोक ओढणं, कार्ब्युरेटरला हलकेच ठोकणं, जेट फुंकणं हे वडीलधाऱ्यांकडून शिकलेले उपाय या गाड्यांना लागू होत नाहीत.

मुख्य फरक विजेचा आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं. इंजेक्शनमध्ये टाकीतला विजेचा पंप ते दाबानं पाठवतो. चावी चालू केल्यावर दोन-तीन सेकंद येणारा 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज या पंपाचा असतो. रोज तो ऐकायची सवय असेल तर ज्या दिवशी तो येत नाही त्या दिवशी कारण लगेच कळतं. पंप, त्याचा फ्यूज किंवा किल स्विच.

म्हणूनच बॅटरी पूर्ण उतरलेली इंजेक्शनची गाडी धक्का मारून सुरू होईलच असं नाही. बॅटरीत थोडा जीव असेल, मीटरचे दिवे लागत असतील आणि पंपाचा आवाज येत असेल, तरच धक्क्याचा उपयोग. त्यासाठी चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीनं पळायचा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन पकडताच पुन्हा दाबायचा. वाहत्या रस्त्यावर हा प्रयोग करायचा नाही.

चालू असताना बॅटरी उतरली, तर ती चार्ज करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. पूर्वी हेडलाइट बंद करून वीज वाचवता येत असे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींमध्ये हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे ती सोयही राहिलेली नाही. अशी गाडी धक्का मारून सुरू झाली तरी पुढे पुन्हा थांबणार. मुक्काम गाठण्याऐवजी जवळचं गॅरेज गाठायचं.

या गाड्यांमध्ये रिझर्व्हचा कॉक बहुधा नसतो, फक्त दिवा लागतो. टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. सतत तळाशी पेट्रोल ठेवून गाडी चालवली तर पंपाचं आयुष्य कमी होतं. मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागून राहिला, तर संगणकानं एखादा बिघाड नोंदवला आहे. गाडी चालत असली तरी ती दाखवून घ्यायची.

पाण्यात बंद पडली तर?

मुंबईतलं सखल चौक असो की कोकणातला ओढा, इथे नियम एकच. पाण्यात बंद पडलेली गाडी पाण्यात सुरू करायची नाही.

पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फच्या किंवा धक्क्याच्या जोरानं इंजिन फिरवलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साध्या सफाईचं काम इंजिन उघडण्यावर जातं.

गाडी ढकलत बाहेर काढायची. एअर फिल्टरचा बॉक्स उघडून आत पाणी आहे का बघायचं. ऑइलची काच किंवा डिपस्टिक बघायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय आणि गाडी टेम्पोतूनच न्यायची. फिल्टर कोरडा आणि ऑइल स्वच्छ असेल, तर प्लगची कॅप पुसून प्रयत्न करायला हरकत नाही.

घाटात तापून थांबली तर?

दोन माणसं, सामान, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये लांब चढ. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवा कमी आणि काम जास्त असं होतं. त्यात ऑइल कमी असेल तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो.

गाडी सावलीत लावून निदान अर्धा तास सोडायची. गरम इंजिनावर पाणी ओतायचं नाही. एकाएकी थंड झाल्यानं धातूला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर गाडी सपाट जागी सरळ उभी करून ऑइल बघायचं. ते खालच्या खुणेच्या खाली असेल तर भरल्याशिवाय निघायचं नाही. किक असेल तर ती हातानं हळूच दाबून बघायची. ती खाली जातच नसेल तर इंजिन जाम झालंय. तिच्यावर उभं राहून जोर द्यायचा नाही.

कधी कधी दोष इंजिनाचा नसतो. ब्रेक अडकून राहिला तरी गाडी ओढत नाही आणि तापते. न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून बघायची. सहज सरकली नाही तर चाकाजवळ हात नेऊन धग लागते का बघायचं, पण डिस्कला हात लावायचा नाही.

चेन, क्लच वायर आणि पंक्चर

उतरलेली चेन चढवताना सर्वांत जास्त इजा बोटांना होते. चावी बंद करून खिशात ठेवायची, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची आणि चाक हातानं हळू फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन चढवणं किंवा पुसणं म्हणजे बोट गमावण्याला आमंत्रण. चेन तुटली असेल तर बहुधा तिचं लॉक निघालेलं असतं. वीस-तीस रुपयांचं जादा लॉक जवळ असेल तर ती जोडता येते. लॉकची उघडी बाजू चेनच्या फिरण्याच्या उलट दिशेला यायला हवी.

क्लच वायर तुटण्याआधी काही दिवस क्लच जड होतो, मुठीजवळ वायरचे तंतू सुटलेले दिसतात. लांब पल्ल्याला जाणारे अनुभवी चालक दुसरी वायर जुन्या वायरीला बांधूनच ठेवतात. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची.

चालू गाडीत हवा गेली तर ब्रेक जोरात दाबायचा नाही, विशेषतः ज्या चाकाची हवा गेली त्याचा. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडून गाडी सरळ ठेवायची. ट्यूबलेस टायरमधला खिळा लगेच उपटायचा नाही. तो असेपर्यंत हवा हळू जाते आणि हवा भरत भरत दुकान गाठता येतं. ट्यूब असलेल्या टायरवर मात्र तसं जाता येत नाही. ट्यूब फाटते आणि रिम वाकते.

टोचन करायचं का?

दुसऱ्या दुचाकीस्वारानं फुटरेस्टला पाय लावून बंद गाडी ढकलत नेणं हे दृश्य रोजचं आहे. मदत मनापासूनची असते, पण दोन्ही गाड्यांचा तोल एकमेकांवर असतो. पुढच्यानं ब्रेक लावला किंवा मागचा पाय सटकला तर दोघंही पडतात. दुचाकीला दोर बांधून ओढणं त्याहून धोक्याचं. शहरातल्या मोकळ्या रस्त्यावर थोड्या अंतरासाठी लोक हे करतात, पण महामार्गावर, घाटात, रात्री किंवा पावसात नाहीच.

घाटात उताराला इंजिन बंद ठेवून न्यूट्रलवर गाडी सोडून देणंही टाळायचं. इंजिनाची रोध करणारी ताकद नसते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून सैल पडतात.

छोटा टेम्पो हा खर्चिक वाटला तरी सुरक्षित मार्ग आहे. त्याआधी विमा पॉलिसी किंवा खरेदीची कागदपत्रं बघायची. अनेकदा त्यात रोडसाइड असिस्टन्सची सेवा घेतलेली असते आणि मालकाच्या ते लक्षातही नसतं. तो क्रमांक आधीच मोबाइलमध्ये ठेवायला हवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, कोणत्याही आणीबाणीत ११२ आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

प्रयत्न कधी थांबवायचे?

पेट्रोल गळतंय, वायर जळाल्याचा वास येतोय, इंजिनातून धातू आपटल्याचा आवाज येतोय, ऑइल संपलंय, चाक अडलंय किंवा ब्रेक लागत नाही. यांपैकी एकही गोष्ट असेल तर गाडी सुरू होत असली तरी चालवायची नाही.

आणखी एक कारण गाडीच्या बाहेरचं असतं. अंधार पडलाय, रस्ता निर्मनुष्य आहे, मोबाइलची बॅटरी १० टक्के उरलीय. अशा वेळी दुरुस्तीचे प्रयत्न नंतर. आधी घरी फोन करून जागा कळवायची, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगायचा, लोकेशन पाठवायचं. जवळ ढाबा, पंप किंवा टोलनाका असेल तर हँडल लॉक करून तिथे जायचं. एकट्या चालकानं, मग तो पुरुष असो वा स्त्री, गाडीजवळच थांबायला हवं असा नियम नाही. गाडी दुसऱ्या दिवशी आणता येते.

सीटखाली काय असावं?

प्लगचा पाना, एक नवा प्लग, दोन-तीन फ्यूज, चेनचं लॉक, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ नंबरचे पाने, इन्शुलेशन टेप, कोरडं फडकं आणि छोटी टॉर्च. ट्यूबलेस टायर असतील तर पंक्चरचा किट. एवढं सामान एका पाऊचमध्ये बसतं. पेट्रोल मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊन फिरायचं नाही.

आणि मेकॅनिकला फोन केल्यावर 'गाडी बंद पडली' एवढंच सांगायचं नाही. किती किलोमीटर चालल्यावर थांबली, एकदम की गचके खात, सेल्फ फिरतोय की नाही, पेट्रोल शेवटचं कधी भरलं. या चार उत्तरांवरून तो येताना प्लग आणायचा, बॅटरी आणायची की टेम्पोच आणायचा, हे ठरवू शकतो.